आवणीचा शटडाउन

"जुलैच का?" राघवन सरांनी विचारलं.

कॉन्फरन्स रूममध्ये आम्ही नऊ जण होतो. पडद्यावर कंपनीच्या पाचही प्लांटचं वर्षाचं कॅलेंडर होतं. चार प्लांटचा वार्षिक शटडाउन मे महिन्यात, लाल पट्टीने दाखवलेला. शटडाउन म्हणजे यंत्रं उघडून साफ करायला, दुरुस्त करायला प्लांट काही दिवस पूर्ण बंद ठेवणं. पाचवा प्लांट आम्ही नुकताच विकत घेतला होता, तारापूर एमआयडीसीतला. त्याची लाल पट्टी एकटीच जुलैत होती.

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. एचआर माझ्याकडे होतं, आणि त्या प्लांटवर आमच्यापैकी सर्वांत जास्त दिवस मीच काढले होते. उत्तर मला माहीत होतं. अगदी पुरतं माहीत होतं.

"खास कारण नाही, सर," मी म्हणाले. "त्यांची जुनी पद्धत आहे. पावसात मेंटेनन्स काढतात."

"मग मेमध्ये घ्या. पाचही प्लांटला एकच एजन्सी लागेल."

लाल पट्टी मेमध्ये सरकली आणि पुढची स्लाइड आली. राघवन सर आमचे डायरेक्टर. माणूस कडक, पण विचारल्याशिवाय निर्णय घेणारा नव्हे. त्यांनी विचारलं होतं. खोटं मी बोलले.

हे सगळं नीट सांगायचं तर चार महिने मागं जावं लागेल.

एखादी कंपनी दुसरी विकत घेते त्याआधी ड्यू डिलिजन्स नावाचा प्रकार होतो. लग्न ठरवण्याआधी आपल्याकडे चौकशी करतात, तसंच. वकील जमिनीचे कागद बघतात, इंजिनिअर यंत्रं बघतात, आणि माझ्यासारखी एचआरची व्यक्ती माणसं बघते. म्हणजे खरं तर माणसांचे कागद बघते. कोण किती वर्षं आहे, कोणाची केस चालू आहे, हजेरी कशी आहे.

प्लांट लहान होता. औषधांत लागणारी एक पांढरी पावडर तिथं बनायची, आणि ती चांगली बनायची म्हणून तर आम्हाला तो हवा होता. मालक अरविंदभाई सत्तरीला आलेले. एका शेडपासून त्यांनी सुरुवात केलेली. मुलं परदेशात स्थिरावली, इथं बघणारं कोणी उरलं नाही, म्हणून विकायला काढला. पांढरा हाफ शर्ट, खिशाला दोन पेनं, आणि दिवसातून तीन वेळा स्वतः प्लांटमधून चक्कर. गुजराती माणूस, पण मराठी माझ्याहून ठसठशीत.

मी तीन वर्षांचं हजेरीचं मस्टर काढून बसले होते. दरवर्षी जुलैत बारा-पंधरा दिवस सगळ्यांच्या नावापुढे कोरे रकाने. शिवाय तारखा दरवर्षी वेगळ्या. कधी चारपासून, कधी अकरापासून. मी अरविंदभाईंना विचारलं, तर ते हसले आणि त्यांनी लक्ष्मणला बोलावून घेतलं.

लक्ष्मण ओली पावडर वाळवणाऱ्या ड्रायरचा मुख्य ऑपरेटर होता. एकोणीस वर्षं तिथंच. मनोरच्या पुढं डोंगराकडच्या पाड्यावरचा. ड्रायर विभागातले अकराच्या अकरा जण त्याच भागातले, आजूबाजूच्या तीन पाड्यांवरचे.

"शटडाउनची तारीख हा ठरवतो," अरविंदभाई म्हणाले.

मग त्यांनी सांगितलं ते असं. या अकरा जणांची डोंगरउतारावर थोडी थोडी भातशेती होती, पावसावरची. जुलैत आवणी असते. बाकी महाराष्ट्र तिला लावणी म्हणतो. राबातली, म्हणजे भाजलेल्या वाफ्यात वाढवलेली रोपं उपटून चिखलात लावायची. रोपं तयार झाली की चार-सहा दिवसांत लावावी लागतात, नाहीतर वर्षाचं भात गेलं. सुरुवातीच्या वर्षांत हे लोक जुलैत न सांगता गायब व्हायचे आणि अरविंदभाई चिडायचे. मग एका वर्षी त्यांनी शटडाउनच तेव्हा घ्यायला सुरुवात केली. जूनअखेर लक्ष्मण केबिनमध्ये यायचा आणि एवढंच म्हणायचा, "शेठ, रोप झालं." की अरविंदभाई मेंटेनन्सवाल्याला फोन करायचे. पंधरा दिवसांनी अकराही जण एकाच सकाळी गेटवर हजर. इतक्या वर्षांत एकही जण कधी उशिरा आला नव्हता.

"हे लिहा, बेटा," अरविंदभाई मला म्हणाले. "यंत्रं तुम्ही कुठूनही आणाल. हे लिहिलं नाही तर तुम्हाला कळणारच नाही तुम्ही काय विकत घेतलंत." मग लक्ष्मणकडे वळून म्हणाले, "या मॅडम माहीमच्या आहेत. यांना समजावून सांगायला लागत नाही."

मी लक्ष्मणला म्हणाले, "काळजी करू नका. मी लिहिते."

खरंच समजावून सांगायला लागत नव्हतं. मी मूळची माहीमची. पालघरच्या पश्चिमेचं, केळव्याच्या वाटेवरचं माहीम. आमची केळी-नारळाची वाडी होती आणि थोडं भातही. आमच्या आवणीला डोंगराकडचीच माणसं यायची, आधी स्वतःची उरकून. ती आल्याशिवाय आमचं शेत तसंच पडून राहायचं आणि बाबा ओट्यावर येरझारा घालायचे. मुंबईच्या ऑफिसात मात्र मी 'माहीम' म्हटलं की लोकांना दादरशेजारचं वाटायचं, आणि पहिली पाच वर्षं मी तो समज दुरुस्त केला नव्हता. आज हे लिहिताना मान खाली जाते, पण त्यावेळी मला त्यात हुशारी वाटत होती.

तर त्या संध्याकाळी मी रिपोर्ट लिहायला बसले. आमच्या टेम्प्लेटमध्ये एक रकाना असतो: 'वार्षिक बंदचं कारण'. मी लिहिलं, 'कामगारांच्या भात-आवणीसाठी. तारीख रोपांवर अवलंबून'. वाचून पाहिलं. हा रिपोर्ट राघवन सर वाचणार, फायनान्सचे लोक वाचणार. माझ्या डोळ्यांपुढं त्यांचं हसू आलं. रोपांवर अवलंबून? मग कोणीतरी म्हणणार की मॅडम, तुम्हाला हे बरं कळतं. मी ओळ खोडली आणि लिहिलं, 'मान्सून मेंटेनन्स'. दोन इंग्रजी शब्द, कोणी प्रश्न विचारणार नाही असे. कोणी विचारलाही नाही.

कॅलेंडरच्या त्या मीटिंगनंतर आठवडाभरात मेच्या शटडाउनचं सर्क्युलर निघालं. मी तेव्हा तारापूरच्या प्लांटवरच बसत होते. विक्रीच्या करारात अरविंदभाई एक वर्ष सल्लागार म्हणून राहणार होते. केबिन त्यांची तीच होती, फक्त सही चालत नव्हती. ते सर्क्युलर घेऊन माझ्याकडे आले.

"तुम्ही सांगितलंत ना त्यांना?"

"सांगितलं, अरविंदभाई. खूप सांगितलं. वरचे ऐकत नाहीत."

हे खोटं मी किती सहज बोलले याचं मला आजही नवल वाटतं. त्यांनी मान हलवली. मोठ्या कंपनीत असं होत असणार, हे त्यांना पटलं. मग त्यांनी विचारलं की निदान रजा तरी देता येईल का. आमच्या पॉलिसीत एका विभागातले एका वेळी दोनच जण रजेवर जाऊ शकत होते. मी लक्ष्मणला बोलावून प्रत्येकी दोन दिवस, आळीपाळीने, असं सुचवलं. आपण फार मोठं मन दाखवतोय असंही मला वाटलं असावं.

"दोन दिसांत आवणी होत नाय, मॅडम," लक्ष्मण म्हणाला. "आज सगळे माज्या शेतात, उद्या दुसऱ्याच्या. एकट्याचं काम नाय हाय ते."

हेही मला माहीत होतं. मी म्हणाले, बघू. बघू हा शब्द ऑफिसात नाही म्हणायला वापरतात, पण लक्ष्मण कधी ऑफिसात बसला नव्हता. त्याला वाटलं मी बघणार आहे.

मेचा शटडाउन छान झाला. एजन्सीने फोटोंसकट रिपोर्ट दिला. जुलैच्या पहिल्या आठवड्यात लक्ष्मण अरविंदभाईंच्या केबिनशी आला, नेहमीचं वाक्य बोलला आणि थांबला. अरविंदभाईंनी त्याला माझ्याकडे पाठवलं. मी मीटिंगमध्ये होते. तो अर्धा तास बाकावर बसून निघून गेला. दुसऱ्या दिवशी ड्रायर विभागात कोणीच आलं नाही.

आम्ही घाबरलो नाही. अशा वेळेसाठी कॉन्ट्रॅक्टर असतात. दुपारपर्यंत बोईसरच्या नाक्यावरून बारा माणसं आली. चांगली, मेहनती माणसं. त्यांना एसओपी दिली. एसओपी म्हणजे काम कसं करायचं त्याची लेखी पायरी-पायरी. ट्रेमध्ये किती किलो ओला माल भरायचा, किती तापमान, किती तास, मग काढून पिशवीत. सगळं लिहिलेलं होतं, आणि त्यांनी सगळं तसंच केलं.

तिसऱ्या दिवशी कॉन्ट्रॅक्टरचा सुपरवायझर माझ्या दारात उभा राहिला. "मैडम, माल पत्थर हो गया है."

पिशव्या उघडल्या तर पावडरीचे गोळे. काही बोटांनी फुटत होते, काही नाही. लॅबने सांगितलं की मॉइश्चर लिमिटच्या बाहेर आहे, म्हणजे मालात पाणी जास्त आहे. पुन्हा वाळवलं, पुन्हा तेच. बाहेर पाऊस नुसता कोसळत होता. दुसरी बॅच वाया गेली, तिसरीही. त्यातली पहिली बॅच तपासणी पूर्ण होण्याआधीच, घाईत, आमच्या सर्वांत मोठ्या ग्राहकाकडे रवाना झाली होती. त्यांनी ती परत पाठवली आणि सोबत एक थंड शब्दांतलं पत्र. आमच्या तारापूर प्लांटची मंजुरी त्यांनी तपासणी होईपर्यंत थांबवली होती. औषधांच्या धंद्यात मंजुरी थांबणं म्हणजे काय हे वेगळं सांगायला नको. दुसरा विक्रेता तयारच असतो.

मुंबईहून आदेश आला की अकरा जणांना पत्रं द्या, अठ्ठेचाळीस तासांत हजर व्हा, नाहीतर नाव कमी. पत्रांवर माझी सही. फोन लागत नव्हते, म्हणून मी स्वतः गाडी घेऊन गेले. खरं सांगायचं तर मनात दुसरंही होतं. लक्ष्मणला दोन शब्द विचारून यावं, ड्रायरचं काय चुकतंय म्हणून.

डांबरी रस्ता संपला तिथं ड्रायव्हरने गाडी थांबवली. पुढे बांधाबांधाने चालले. माझ्या सँडल चिखलात रुतत होत्या आणि लहानपणीची सवय पायांना आठवेना. एका चौकोनात पंधरा-वीस माणसं वाकून रोपं लावत होती, ओळीने, भराभर. अकराही जण तिथंच होते, त्यांच्या बायकांसकट. मला बघून लक्ष्मण सरळ उभा राहिला.

मी पत्र पुढं केलं.

"हात चिखलाचे हायत," तो म्हणाला. "तितं बांधावर ठेवा."

मी अकरा पत्रं बांधावर ठेवली. उडू नयेत म्हणून वर दगड ठेवला. त्याच्या बायकोने कोणाला तरी झोपडीकडे चहाला पाठवलं. मी नको म्हणाले तरी कोरा चहा आला, आणि मी तो बांधावर उभी राहून प्यायले. मग निर्लज्जपणे विचारलं की माल गोळे होतोय, काय करायचं.

लक्ष्मण सांगायला लागला. अडखळला नाही, अटही घातली नाही.

"पावसात ट्रे अर्दे भरायचे, मॅडम. कागदावर लिवलंय तेवढं नाय भरायचं. आन गरम माल भायेर नाय काडायचा. हवा बंद करून दार तसंच ठेवायचं, हात लावून बगायचा, थंड झाला का मंग दोन-दोन ट्रे काडायचे. धा ट्रे एकदम काडले तं हवेतलं पानी पितो तो."

"हे एसओपीत का नाही?"

"आमाला कोनी विचारलं नाय. पावसात आमीच असतो ना तितं."

परत येताना गाडीत मी ते मोबाइलवर टाइप केलं आणि प्रॉडक्शनला मेल केला. सुरुवात केली, 'फ्लोअरवरील चर्चेनुसार'. लक्ष्मणचं नाव लिहिलं नाही. ज्याला नोटीस दिली त्याच्याच सांगण्यावरून प्लांट चालवतोय, हे बरं दिसलं नसतं. चौथी बॅच बरी निघाली. पण ग्राहक परत आला नाही.

अकरा जण अठ्ठेचाळीस तासांत आले नाहीत. नावं कमी झाली, तीही माझ्याच सहीने. मग आवणी संपल्यावर, नेहमीसारखे, सगळे एका सकाळी गेटवर आले. धुतलेले कपडे, डब्याच्या पिशव्या. सिक्युरिटीने अडवलं. मी पहिल्या मजल्याच्या खिडकीतून बघत होते. खाली जायला हवं होतं. मी गेले नाही. अरविंदभाई गेले. ते बराच वेळ त्यांच्यासोबत गेटबाहेर उभे होते, छत्री न घेता. मग ते लोक निघून गेले आणि अरविंदभाई हळूहळू आत आले. त्या दिवशी त्यांनी प्लांटमध्ये चक्कर मारली नाही.

सप्टेंबरात रिव्ह्यू झाला. तोपर्यंत ग्राहक गेलेला, अनुभवी माणसं गेलेली, आणि ज्या पावडरीसाठी प्लांट घेतला तीच निम्मी निघत होती. राघवन सर फाइल घेऊन बसले होते. प्रश्न त्यांनी सरळ विचारला. ही जुलैची गोष्ट आपल्याला आधी कोणी सांगितली होती का? कारण त्यांच्यापर्यंत ती आजच पहिल्यांदा येत होती.

अरविंदभाई समोर बसले होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. तेव्हा त्यांना कळलं. मी वर काही सांगितलंच नव्हतं, रिपोर्टात लिहिलं नव्हतं, आणि त्यांच्या तोंडावर खोटं बोलले होते, हे सगळं एकदम कळलं. मला वाटलं, झालं आता. आणि खरं सांगते, थोडं हलकंही वाटलं.

"माझ्याकडून सांगायचं राहून गेलं," अरविंदभाई म्हणाले.

राघवन सर त्यांना बरंच बोलले. विकणाऱ्याने सगळं उघड करायचं असतं, करारात तसं कलम आहे, इतक्या वर्षांच्या उद्योजकाकडून ही अपेक्षा नव्हती. सत्तर वर्षांच्या माणसाने ते सगळं मान खाली घालून ऐकून घेतलं. मी माझ्या वहीत काहीतरी लिहीत राहिले. काय लिहीत होते ते आठवत नाही, पण पेन थांबवलं नाही हे आठवतं. मीटिंगनंतर अरविंदभाईंची सल्लागारी संपवण्यात आली. जाताना ते माझ्या टेबलाशी थांबले नाहीत. तेही मला बरंच वाटलं.

दीड वर्षात तो प्लांट बंद झाला. यंत्रं दुसरीकडे हलवली. आमच्या फाइलमध्ये कारण लिहिलं आहे, 'स्थानिक मनुष्यबळाची बदलास अनिच्छा'. ते वाक्यही माझंच.

त्यानंतरच्या एका दिवाळीत मी घरी आले होते. पालघरच्या एसटी स्टँडवर लक्ष्मण दिसला. बायको, सून, दोन गोणींत भांडीकुंडी. वीटभट्टीवर निघाले होते, सहा महिन्यांसाठी. एकोणीस वर्षं औषधाचा माल वाळवणारा माणूस. मी तोंड चुकवायच्या आत त्याने मला बघितलं आणि उठून जवळ आला. कशा आहात, विचारलं. मी कशीबशी म्हणाले की तुमच्या बाबतीत फार वाईट झालं.

"तुमी नका मनाला लावून घेव, मॅडम," तो म्हणाला. "कंपनी सुटल्यावर शेठ येऊन गेले पाड्यावर. सगळ्यांना बशिवलं न् सांगितलं. म्हनले, मॅडमनी लय सांगितलं, वरच्यांनी आयकलं नाय. चूक माजी, मी कागदावर घेतलं नाय. रडले व्हते शेठ."

मग त्याने माझ्यापुढं हात जोडले. आमच्यासाठी तुम्ही बोललात, म्हणाला.

मी काय केलं? मीही हात जोडले. एसटी लागली, त्याने गोणी उचलली आणि तो गेला.

आता मी कंपनीत इंटिग्रेशनचं, म्हणजे विकत घेतलेली कंपनी आपल्यात सामावून कशी घ्यायची याचं, ट्रेनिंग देते. मर्जर का फसतात, या विषयावर माझं दोन तासांचं प्रेझेंटेशन आहे. संस्कृतींचा मेळ, संवाद, महत्त्वाची माणसं टिकवणं, सगळं आहे त्यात, आणि ते खोटंही नाही. पण ज्यांना खरंच कंपनी विकत घ्यायची आहे त्यांनी एवढं एक करावं. रिपोर्ट हातात आला की लिहिणाऱ्याला समोर बसवून विचारावं, यातलं काय लिहायची तुला लाज वाटली? मला हे कोणी विचारलं नाही. विचारलं असतं तर मी खरं सांगितलं असतं, असं म्हणायला मला आवडलं असतं.